कूम्ब्स पॉझिटिव्ह, उंदीर आणि बूस्टरच्या बाटल्या

तेच तेच प्रश्न परत आलेत, म्हणून एकदाच सगळी उत्तरं देतो.

प्रश्न: आईला ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया (शरीर स्वतःच्याच लाल रक्तपेशी फोडतं तो आजार) झालाय, घरात कोणाला लागेल का?

नाही.

प्रश्न: डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर का?

नाही हो. लाल पेशी सलाईनने धुवायच्या, अँटीह्युमन ग्लोब्युलिन (माणसाच्या अँटीबॉडीला चिकटणारं द्रव्य) टाकायचं, पेशींचे गठ्ठे होतात का बघायचं, १९४५ पासून ही टेस्ट अशीच चालते. पेशींवर अँटीबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट (अँटीबॉडीच्या जोडीला काम करणारी रक्तातली प्रोटीनं) चिकटलंय एवढंच त्यातून कळतं. मागे ल्युपस (हाही शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार), लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) किंवा एखादं औषध असू शकतं, त्यामुळे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर न फिरवता हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या डॉक्टरांना, दाखवा.

प्रश्न: मी एम.एस्सी. करतेय. उंदरांमध्ये स्वतःच्याच लाल पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात त्या कशा?

वा, शेवटी एक खरा प्रश्न! न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये १९५९ साली न्यूझीलंड ब्लॅक नावाच्या काळ्या उंदरांमध्ये हा आजार दिसला. त्यांना काही टोचावं लागत नाही. काही महिन्यांचे झाले की कूम्ब्स पॉझिटिव्ह यायला लागते, वय वाढलं की बहुतेकांची येते, मग प्लीहा फुगते आणि लाल पेशी कमी होतात. मुख्य निशाणा म्हणजे पेशीच्या आवरणातलं बँड ३ प्रोटीन. पण गंमत बघ, बँड ३ नसलेले तसेच उंदीर बनवले तरी अँटीबॉडी झाल्याच, त्यांनी ग्लायकोफोरिन हे आवरणातलं दुसरं प्रोटीन धरलं!

दुसरा प्रकार, धडधाकट उंदराला घुशीसारख्या मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, लाल पेशी पुन्हा पुन्हा टोचल्या की परक्या पेशींसोबत स्वतःच्या पेशींवरही अँटीबॉडी बसतात, टोचणं थांबवलं की हळूहळू ओसरतात, कारण रेग्युलेटरी टी पेशी (प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशी) आवर घालतात आणि त्या आधीच काढून टाकल्या तर आजार जास्त उंदरांना होतो.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं, १९९२चं क्योटोचं काम. लाल पेशींविरुद्ध अँटीबॉडीचं जीन घातलेल्या उंदरांत तशी अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी बहुतेक मरतात, पण पोटाच्या पोकळीत लाल पेशी नसतात ना, तिथे बी-१ पेशी (बी पेशींचाच एक प्रकार) लपून जगतात. पोटात लाल पेशी सोडल्या तर या बी-१ पेशी मरतात. आणि जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस नावाचं द्रव्य दिलं तर जाग्या होऊन अँटीबॉडी ओततात.

प्रश्न: 'उंदरांवर सिद्ध' असं लिहिलेलं इम्युनिटी बूस्टर आईला देऊ का?

वरचं उत्तर परत वाचा. हा इम्युनिटी कमी पडल्याचा आजार नाहीये, चुकीच्या पेशींना आवर नसण्याचा आहे, मग 'बूस्ट' नेमकं कशाला करायचं? २५ ग्रॅमच्या प्राण्यात जेमतेम दोन मिली रक्त असतं, त्याच्यावरचा एखादा आलेख बाटलीवर छापला म्हणजे औषध होत नाही. आणि कुठल्या उंदरांवर, कुठल्या आजारात, ते कधी लिहिलेलं असतं का? काहीही द्यायच्या आधी तिच्या डॉक्टरांना बाटली दाखवा.

प्रश्न: स्टिरॉइडनं चेहरा सुजलाय, बंद करू?

मनानं नाही. डॉक्टर टप्प्याटप्प्यानं कमी करतील.

प्रश्न: आधी महिनाभर आयर्नच्या गोळ्या घेऊन बघितलं तर?

लाल पेशी फुटतायत, लोह कमी नाही पडलेलं, बघत काय बसायचं? डोळे पिवळे, लघवी कोलासारखी, जिना चढताना धाप असेल तर आजच हॉस्पिटल गाठा, आणि शक्यतो कूम्ब्सचं सॅम्पल स्टिरॉइड सुरू व्हायच्या आधी जाऊ द्या.