कराडला नवीनच आलोय. गणपती झाले, आता दिवाळीपर्यंत सातारा-सांगली भागात काय काय असतं?

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळं मुंबईहून कराडला आलात, मुलगी सात वर्षांची आहे, ओळखीचं कुणी नाही, आणि नेटवर शोधलं की फक्त कास पठार येतं. माझं माहेर विट्याचं, सासर कराडचं. त्यामुळं दोन्ही जिल्ह्यांतलं सांगते.

आधी कासचं उरकते. ते बघाच. 2012 साली पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या, त्यांत कास आहे. पण सप्टेंबर संपत आला की बहर ओसरायला लागतो, म्हणून लांबणीवर टाकू नका. शनिवार-रविवार टाळून आडवारी सकाळी जा, ऑनलाइन बुकिंग करून जा, आणि मुलीला फुलांत पाय टाकू देऊ नका.

पण तुमचा खरा प्रश्न ओळखी कशा होतील हा आहे, असं मला वाटतं. त्यासाठी माझं पहिलं उत्तर हादगा. मुंबई-पुण्याकडं ज्याला भोंडला म्हणतात तोच. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की आमच्याकडं तो बसतो आणि सोळा दिवस चालतो. हत्तीचं चित्र लावायचं, त्याला फळांच्या, फुलांच्या माळा घालायच्या आणि भोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जातं. शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचं, आणि कुणालाच ओळखता येऊ नये म्हणून आयांनी डोकं चालवायचं. माझ्या आईनं एकदा भिजवलेल्या मेथीची उसळ केली होती, सगळ्या पोरी हरल्या. आता सोळा दिवस कुणाला जमत नाहीत, बऱ्याच ठिकाणी एकाच संध्याकाळी उरकतात. तुमच्या सोसायटीत होत नसेल तर तुम्हीच पाट मांडा. शेजारच्या चार दारांवर जाऊन 'उद्या आमच्याकडं हादगा आहे, पोरींना पाठवा' एवढंच सांगा. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा माझ्या ओळखी अशाच झाल्या, आणि त्यातल्या दोघी आजही माझ्या सगळ्यात जवळच्या आहेत.

दसऱ्याला मात्र विट्याला चला. साताऱ्यात जलमंदिर वाड्यातून भवानी तलवारीची मिरवणूक पोवई नाक्यावर येते, तीही देखणी असते. पण विट्यासारखा दसरा मी दुसरीकडं पाहिला नाही. तिथं पालख्यांची शर्यत होते. एक पालखी मूळस्थानच्या रेवणसिद्धाची, दुसरी विट्याच्या रेवणसिद्धाची. पालखी खांद्यावर घेऊन माणसं अक्षरशः पळतात. एकाचा दम संपायच्या आत दुसऱ्यानं खांदा द्यायचा, पालखी थांबता कामा नये. दुतर्फा रस्त्यावर, गच्च्यांवर, माळवदांवर माणसंच माणसं. देव एकच, पण त्या संध्याकाळी गावात दोन बाजू पडतात. माझे वडील आणि मामा दर वर्षी वेगवेगळ्या बाजूला उभे राहायचे आणि शिलंगणाचं सोनं द्यायला रात्री एकमेकांकडं जायचे. मुलगी बरोबर आहे, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहू नका, दुपारीच जाऊन एखाद्या घराच्या गच्चीवर जागा मागा. कुणी नाही म्हणत नाही.

गाण्याची आवड असेल तर सातारा जिल्ह्यातलं औंध. कोजागरीनंतर पाचव्या दिवशी, म्हणजे अश्विन वद्य पंचमीला, तिथं संगीत महोत्सव असतो. गायक अंतुबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ 1940 च्या सुमारास तो सुरू केला. एवढ्याशा गावात देशभरातले कलाकार सेवा म्हणून गायला येतात आणि समोर शेतकरी, शिक्षक, शाळकरी पोरं बसलेली असतात. इथं एक सांभाळा. हे सगळं तिथीवर चालतं. एका वर्षी मी मागल्या वर्षीची तारीख धरून गेले, तर महोत्सव दहा-अकरा दिवस आधीच होऊन गेला होता. कॅलेंडरवर तिथी बघूनच निघा. सकाळी लवकर पोचलात तर यमाईच्या डोंगराच्या वाटेवरचं भवानी संग्रहालय बघून घ्या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांनी ते 1938 साली उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प एका खेड्यात बघायला मिळतं.

दिवाळीच्या आधी आठवडाभर तुमची मुलगी चिखलात दिसली पाहिजे. इथं पोरं किल्ले करतात. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं पोतं, वरून मातीचा लेप, आणि हळीव किंवा मोहरी पेरायची. चार-पाच दिवसांत हिरवळ येते. बाजारात मातीचे मावळे आणि सिंहासनावरचे महाराज मिळतात. गल्लीतल्या मोठ्या पोरांना एक सहायक हवाच असतो, तिला पाणी मारायला पाठवून द्या. बऱ्याच मंडळांच्या किल्ले स्पर्धा असतात, पण स्पर्धेत न उतरलेले गल्लीतले किल्लेच मला जास्त आवडतात.

याच सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बरीच माणसं बीडकडची. घरदार सोडून, लेकरं घेऊन आलेली. त्यांची दिवाळी उसाच्या फडात नाहीतर कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, जाते. आमच्या गल्लीतल्या बायका फराळ करताना प्रत्येक पदार्थ थोडा वाढवून करतात आणि पाडव्याला डबे घेऊन कोप्यांवर जातात. यंदा तुम्हीही या. लाडू-चिवडा तर न्यायचाच, पण लेकरांना जुनी चित्रांची पुस्तकं आणि थंडीचे कपडे जास्त उपयोगी पडतात, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

दिवाळीच्या आगेमागे 5 नोव्हेंबर येतो, रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, ते या दिवशी. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात त्या दिवशी एका ज्येष्ठ रंगकर्मीला भावे पदक देतात. तुम्ही नाटकं बघणाऱ्या आहात असं लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि 25 नोव्हेंबरला पहाटे प्रीतिसंगमावर जा. यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी असते, समाधीपाशी भजन चालतं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ती हीच जागा. पुढारी आणि गाड्यांचा ताफा यायच्या आत गेलात तर धुक्यात नदी दिसते. मी दर वर्षी जाते. हादगा मांडायचं ठरलं तर इथंच कळवा. हत्तीचं चित्र माझ्याकडं आहे, पहिल्या दिवशीची खिरापतही मी आणते.