बोनस साठ हजाराचा, कटर बावन्न हजाराचं, घ्यायचं का?

आजऱ्याकडच्या एका वाचकांचा मोठा मेसेज आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, राहायला कोल्हापुरात, गावाकडं घर आणि तीन एकर, त्यात काजू, बांधावर निलगिरी आणि सिल्व्हर ओक, परड्यात आंबा-फणस. वडील ६८ वर्षांचे, गावाकडंच असतात. पावसाळ्यात फांद्या मोडून पडतात, काजूची छाटणी असते, बंबाला जळण लागतं, आणि दरवेळी त्या कटरवाल्याच्या मागं फिरायला लागतं, तो मशीन-पेट्रोलसकट दिवसाला १८०० घेतो आणि वर्षात आठेक दिवस लागतोच. म्हणून स्वतःचं चेन सॉ, म्हणजे लाकूड कापायचं कटर, घ्यायचं ठरलंय. दुकानात दोन बघितली, घरगुती वापराचं ३२ सीसीचं १९ हजाराला आणि प्रोफेशनल ५० सीसीचं ५२ हजाराला, शिवाय ऑनलाइन ५८ सीसीचं ७ हजारात दिसतंय. मेहुणे म्हणतात घ्यायचं तर एकदाच मोठं घे, आयुष्यभर बघायला नको. बोनस आलाय ६० हजार, पण दुकानदार नो कॉस्ट ईएमआय देतोय म्हणून यांचा विचार असा की मोठं मशीन हप्त्यावर घ्यायचं आणि बोनस एफडीला टाकायचा. आणि शेवटी जाता जाता एक ओळ, क्रेडिट कार्डावर २२ हजार बाकी आहेत, दर महिन्याला मिनिमम भरतोय.

दादा, माझ्या दृष्टीनं तुमच्या अख्ख्या मेसेजमधली सगळ्यात महागडी गोष्ट ती शेवटची ओळ आहे, पण तिच्याकडं नंतर येतो, आधी मशीनचं बघू नाहीतर मेहुणे म्हणतील विषय टाळला.

पहिलं म्हणजे मेहुणे काही चुकीचं बोलत नाहीयेत. प्रोफेशनल मशीन खरंच वेगळं बनवलेलं असतं, नुसता स्टिकर वेगळा नाही. त्याचा क्रँककेस म्हणजे इंजिनचा खालचा डबा मॅग्नेशियमचा, सिलिंडर वेगळा बोल्ट केलेला, त्यामुळं उद्या पिस्टन-रिंग बदलायची झाली तर मेकॅनिक सरळ सिलिंडर उचलतो आणि काम करतो. घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा इंजिन प्लॅस्टिकच्या बॉडीत बसवलेलं असतं, पिस्टनला हात लावायचा तर अख्खं इंजिन बाहेर काढायला लागतं, आणि मग मजुरी न् पार्ट मिळून खर्च मशीनच्या किमतीच्या अंगावर येतो, म्हणून लोक दुरुस्त न करता नवीनच घेतात. हाताला बसणारा थरथराटही मोठ्या मशीनमध्ये कमी, कारण स्प्रिंगवरचं अँटी-व्हायब्रेशन चांगलं असतं. ताकद बघायची तर ३२ सीसीचं साधारण दीड किलोवॉटच्या आसपास, ५० सीसीचं प्रोफेशनल तीनच्या आसपास, म्हणजे दुप्पट, आणि वजन मात्र पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) न धरता चार किलोचं पाच किलो, एवढंच वाढतं. म्हणजे वस्तू म्हणून ५२ हजारवालं सरसच, त्यात वाद नाही.

पण ती सगळी सरसता कशासाठी आहे, तर रोज चार-पाच तास मशीन चालवणाऱ्या माणसासाठी. तुमचे आठ दिवस धरू, चला दहा धरू. दिवसभर काम म्हटलं तरी मशीन दिवसभर चालत नाही, फांदी ओढायची, ओंडका फिरवायचा, चहा, चेन ताणायची, पेट्रोल भरायचं, परत चहा. प्रत्यक्ष कापण्याचा वेळ दिवसाला दीड तास धरला तरी वर्षाला १५ तास होतात. दहा वर्षांत १५०. आता १९ हजाराला १५० नं भागा, तासाला १२७ रुपये पडतात, ५२ हजाराला भागा, ३४७ पडतात. प्रोफेशनलवाला म्हणेल की माझं मशीन हजार तास आरामात जातं, मग तासाला ५२ रुपयेच पडतात की. बरोबर, पण तुमच्या वेगानं हजार तास व्हायला ६६ वर्षं लागतील, तेव्हा मशीन चालू करायची दोरी कोण ओढणार, नातू?

तासांवरनं एक गंमत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा मशीनवर धुराच्या नियमाचं लेबल असतं, त्यात ५०, १२५ किंवा ३०० तास असा एक आकडा येतो. काही जण नेटवर तो वाचून घाबरतात की घरगुती मशीन ५० तासांत संपतं. तसं नाहीय, तो फक्त धूर किती तास नियमात राहील याचा आकडा आहे, इंजिनचं आयुष्य नाही. छोटं मशीन मरतं ते तासांनी कमी आणि हेळसांडीनं जास्त. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल अंदाजानं ओतलं, एअर फिल्टर कधी झटकलाच नाही, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पेट्रोल टाकीत तसंच ठेवून मशीन सहा महिने माळ्यावर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आजऱ्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नका, मग कार्बोरेटरमधले पातळ पडदे कडक होतात न् मशीन चालू होत नाही. वर्षात दहा दिवस वापरणाऱ्याच्या मशीनला हा त्रास रोज वापरणाऱ्यापेक्षा जास्त होतो, आणि तो १९ हजारवाल्याला होतो तसाच ५२ हजारवाल्यालाही होतो, इथेनॉलला ब्रँड कळत नाही. काम झालं की टाकी रिकामी करायची, उरलेलं जाळून बंद पडेपर्यंत चालवायचं आणि मग ठेवायचं. मिश्रण कंपनी सांगेल तेच, बऱ्याच चांगल्या मशीनला ५० ला १ लागतं म्हणजे लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल.

आता पैसे वसूल कधी होतात ते बघू. आठ दिवसांपैकी दोन दिवस मी कटरवाल्यालाच देणार, का ते पुढं सांगतो. राहिले सहा, म्हणजे वर्षाला १०,८०० वाचले. त्यातनं स्वतःच्या मशीनचा खर्च वजा करा, पेट्रोल, टू-टी ऑइल, चेनचं ऑइल, वर्षाला एखादी नवी चेन, कानस, एक सर्व्हिसिंग, सगळं मिळून मी चार-साडेचार हजार धरतो. हातात राहतात साडेसहाच्या आसपास. छोटं मशीन आणि सेफ्टीचं सामान धरून २७ हजार गेले तर साधारण चार वर्षांत वसूल. मोठं आणि तेच सामान ६० हजार, वसूल व्हायला नऊ वर्षं. यात तुमचे रविवार मी फुकट धरलेत हां, आणि कटरवाला जे काम एका दिवसात उरकतो त्याला तुम्हाला पहिल्या वर्षी दीड दिवस लागेल हेही धरलेलं नाही.

मेहुण्यांचा पुढचा मुद्दा मला माहिती आहे, रिसेल. मोठ्या मशीनला जुनं झालं तरी भाव येतो, छोट्याला कोण विचारत नाही. मान्य. समजा दहा वर्षांनी मोठं निम्म्या किमतीला म्हणजे २६ ला गेलं आणि छोटं पाचला, २१ हजाराचा फरक मोठ्याच्या बाजूनं. पण मधला ३३ हजाराचा फरक दहा वर्षं सात टक्क्यांनी नुसता पडून राहिला असता तर ६५ हजाराच्या जवळ जातो, व्याजावरचा टॅक्स कापला तरी रिसेलवाल्या फरकापेक्षा कितीतरी जास्तच उरतो. त्यामुळं रिसेलसाठी मोठं घेणं हा हिशोब बसत नाही.

७ हजारवाल्या ५८ सीसीबद्दल. आपल्याकडं गावोगाव ही मशीन चालतात, पार्ट स्वस्तात मिळतात, आणि ज्याला स्वतःला कार्बोरेटर खोलून बसवता येतो त्याच्यासाठी मी त्याला वेड्यात काढणार नाही. पण तुम्ही लिहिलंय की मशीनमधलं काही कळत नाही. मग प्रश्न पैशाचा नाही, चेन ब्रेकचा आहे. पट्टीचं वरचं टोक लाकडाला टेकलं की मशीन झटक्यात तोंडाकडं उसळतं, त्या क्षणी चेन थांबवणारी वस्तू म्हणजे तो ब्रेक, आणि तो भरवशाचा पाहिजे. शिवाय वॉरंटीला कोणाकडं जाणार? ज्याचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात किंवा गडहिंग्लजला आहे तेच घ्या, आणि दुकानातच चालू करून दाखवायला लावा, ब्रेक मारून दाखवायला लावा, पक्कं बिल घ्या. वॉरंटी कार्डवर घरगुती आणि धंद्याचा वापर याची मुदत बऱ्याच कंपन्यांत वेगळी असते, तेवढी ओळ वाचून घ्या.

आता ते दोन दिवस कटरवाल्याला का द्यायचे. उभं मोठं झाड पाडणं आणि वाऱ्यानं वाकून दुसऱ्यावर अडकलेलं झाड सोडवणं हे दोन प्रकार घरच्या माणसानं करायचे नाहीत, मशीन कितीही भारी असू दे. दाबाखाली वाकलेलं लाकूड चुकीच्या बाजूनं कापलं की सुटून येतं. तिथं कटरवाल्याचे १८०० म्हणजे मला स्वस्त वाटतात. पडलेल्या फांद्या, वीतभर जाडीपेक्षा बारीक ओंडके, काजूची छाटणी, जळण खांडणं, हे तुमचं, आणि त्याला ३२ सीसी न् १४ इंची पट्टी भरपूर होते. (तुमच्याकडं रानातला हत्ती येऊन जे मोडून जातो त्याचा पंचनामा होईपर्यंत मात्र कापाकापी करू नका, नाहीतर भरपाईच्या वेळी दाखवायला काही राहत नाही.) परड्यातला आंबा किंवा फणस मुळातनं काढायचा विचार असेल तर आपल्याकडं १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत ही झाडं आहेत, स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते, वन खात्याच्या ऑफिसात आधी विचारा.

सेफ्टीच्या सामानाचे मी ८ हजार धरलेत आणि त्यात घासाघीस नाही. जाळीचं हेल्मेट, कानाला मफ, ग्लोव्हज, जाड बूट, आणि मांडीवर बांधायचं चेन अडवणारं चॅप्स, त्याच्यातले धागे चेनमध्ये गुंततात आणि चेन जाम होते. कानाचं हलक्यात घेऊ नका, हे मशीन शंभर डेसिबलच्या वर आवाज करतं. वडील एकटे असताना मशीन वापरणार नाहीत हे घरात बसून ठरवा, ठरत नसेल तर मशीन कोल्हापूरच्या घरी ठेवा, मी सिरियसली सांगतोय. आणि तुमचा पगार हाताच्या जोरावर आहे, तेव्हा बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा चालू आहे का बघा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. ते पुरेसं नाही, त्याच्यावर वेगळी पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी घ्या ज्यात घरी बसावं लागलं तर आठवड्याला पैसे मिळतात. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर शेतकरी अपघात योजनेतही २ लाखांपर्यंत मदत आहे, ती माहिती कृषी सहाय्यकाकडनं घेऊन ठेवा.

आता ती शेवटची ओळ. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, २२ हजारावर महिन्याला ७७० रुपये, वर्षाला नऊ हजाराच्या वर, वर त्या व्याजावर जीएसटी. मिनिमम भरत राहिलात तर मुद्दल जेमतेमच हलतं. आणि तुम्ही म्हणताय बोनस एफडीला टाकू, सात टक्क्यांनी! एका खिशात सात टक्के येतात आणि दुसऱ्यातनं बेचाळीस जातात, असं कोण करतं का राव? त्यात नो कॉस्ट ईएमआय. तो कॉस्ट नसलेला नसतोच, व्याज आधीच किमतीत धरलेलं असतं, रोखीवर जो हजार-दोन हजार डिस्काउंट मिळाला असता तो जातो, प्रोसेसिंग फी वेगळी, आणि हप्ता कार्डावरच बसणार असेल तर आधीच बाकी असलेल्या कार्डावर आणखी ओझं. आधीचं थकलेलं असताना त्याच कार्डावर नवीन काही घेऊ नका, कारण मग नवीन खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

तर ६० हजार मी असे लावीन. २२ कार्डाला, पूर्ण. १९ मशीनला, रोखीत, आणि रोख देतोय म्हणून एक जादा चेन मागून घ्यायची. ८ सामानाला. उरले ११, ते बचत खात्यात वेगळे, पहिल्या वर्षाचा खर्च त्यातनंच होईल. दोन मशीनमधला जो ३३ हजाराचा फरक आहे ना, त्यातच तुमचं कार्ड आणि सेफ्टीचं सामान दोन्ही बसतंय, वर ३ हजार उरतात. मोठं घेतलंत तर सामान धरून बोनस शून्य आणि कार्ड जिथल्या तिथं.

मी उत्तर कधी बदलेन? जर तुम्ही किंवा गावातला कोणी भाऊबंद खरंच मशीन घेऊन लोकांची कामं करणार असाल, वर्षाला शंभर-दीडशे दिवस, तर ५२ हजारवालंच घ्या, तिथं छोटं मशीन टिकणार नाही आणि दुरुस्तीची सोय हाच खरा नफा. पण मग ते घरखर्चातनं नाही घ्यायचं, धंदा म्हणून घ्यायचं, बिल धंद्याच्या नावावर, कमाईची वही वेगळी. "कधीतरी भाड्यानं देऊ" हे कारण मात्र मी धरत नाही, चेन सॉ भाड्यानं दिलं की चेन दगडाला लावून परत येतं. मधला एक पर्याय आहे, ४५ सीसीच्या आसपासचं शेतकऱ्यांसाठीचं मॉडेल, पण तुमची झाडं बघता मला त्याची गरज दिसत नाही.

आणि पैसे वाचवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कानस मारायला शिका. छोट्या मशीनच्या चेनला बहुतेक ४ मिलीमीटरची गोल कानस लागते, चेनच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, सोबत गाईड घ्या म्हणजे कोन चुकत नाही. ढलप्या पडत असतील तर धार आहे, बारीक भुसा पडायला लागला की थांबा न् धार लावा. मोठ्या मशीनची हौस बऱ्याच जणांना बोथट चेनमुळं होते, मशीन कमी पडतंय असं वाटतं आणि खरं तर चेन कापतच नसते.

कार्डाची ड्यू डेट कधीय ते बघा आणि बोनस खात्यात आलाय तर वाट न बघता आजच पूर्ण भरून टाका, कारण थकलेल्या कार्डावर व्याज रोजच्या रोज चढतं. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज लागून येईल, तेही पूर्ण भरा, मगच दुकानात जा.