ॲडव्होकेट नेमण्याआधी दोघांचे काय ठरले?

अमेरिकेतील मराठी पालकांशी ऑनलाइन बोलू लागल्यापासून एक प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो : शाळा मुलाच्या गरजेपुरते करीत नाही, तर स्पेशल एज्युकेशन ॲडव्होकेट नेमावा का? ‘ॲडव्होकेट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट येतो आणि शाळेशी कोर्टकज्जा नको म्हणून कित्येक पालक तेथेच थांबतात. अमेरिकेत मात्र ही व्यक्ती बहुधा वकील नसते. मुलाचे अहवाल वाचून, त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, ठरवण्याच्या बैठकीत पालकांच्या शेजारी बसणारी ती जाणकार असते.

न्यू जर्सीतील एका दाम्पत्याने मला हाच प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा तिसरीत होता आणि त्याला स्वमग्नतेचे निदान झालेले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“मॅडम, बैठकीला त्यांची सहा माणसे असतात आणि आम्ही दोघेच,” बाबा म्हणाले.

“दोघे तरी कुठे?” आई हळूच म्हणाली.

त्या तीन शब्दांनी मी सावध झाले. ॲडव्होकेटच्या फीचा विषय बाजूला ठेवून मी दोघांना, एकमेकांना न दाखवता, एकच वाक्य लिहून आणायला सांगितले : पुढच्या दिवाळीपर्यंत मुलाच्या शाळेत काय बदलायला हवे?

बाबांनी लिहिले होते, ‘त्याला पानभर मजकूर एकट्याने वाचता यावा.’ आईने लिहिले होते, ‘डबा खाताना त्याच्या शेजारी कोणीतरी बसावे.’

बाबा तो कागद बराच वेळ पाहत राहिले. “तो एकटा बसतो, हे मला ठाऊकच नव्हते.”

“सांगायला लागले की तू म्हणायचास, मोठा झाला की सुटेल.”

अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावे, हे मी अनेक वर्षांनी शिकले आहे. मी मुलाकडे नेहमी घरासकट पाहते. म्हणूनच मला दिसले की, शाळेपुढे मध्यस्थ मागणाऱ्या या दोघांना मध्यस्थ आधी एकमेकांत हवा होता.

मग व्यवहाराचे बोललो. 1975 च्या मूळ कायद्यातून आलेल्या आजच्या ‘आयडिया’ या अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यानुसार पालक आयईपी समितीचे सदस्यच असतात आणि मुलाविषयी जाणकार असलेली व्यक्ती सोबत नेण्याचा त्यांना हक्क असतो. शाळेने केलेली तपासणी पटली नाही, तर सरकारी खर्चाने स्वतंत्र तपासणी मागता येते. शाळेला ती द्यावी लागते किंवा आपली तपासणी योग्य असल्याचे सुनावणीत सिद्ध करावे लागते. मात्र ॲडव्होकेटसाठी देशभर लागू असा कोणताही परवाना नाही, त्यामुळे अनुभव, तासाचा दर आणि कामाची व्याप्ती लेखी घ्यावी. सुनावणी जिंकली तरी तज्ज्ञांची फी शाळेकडून वसूल होत नाही, असा 2006 चा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पैसे मोजण्याआधी, पालकांना मोफत मार्गदर्शन करणाऱ्या ‘स्पॅन’ या न्यू जर्सीतील संस्थेला फोन करा, असे मी आग्रहाने सांगते. अशी केंद्रे प्रत्येक राज्यात आहेत.

त्यांनी शेवटी ॲडव्होकेट नेमलीच आणि पहिल्याच ईमेलबरोबर दोन्ही कागद पाठवले. बैठकीत डब्याचा विषय बाबांनी काढला. ॲडव्होकेटबाई त्या वेळी नुसती टिपणे घेत होत्या.