हेबियस कॉर्पस: बंदी नव्हे, देह

‘अमेरिकेतल्या कैद्याचे तीन शिक्षांविरुद्ध हेबियस कॉर्पसचे अपील’ अशी बातमी वाचून एकाने विचारलंय की याला मराठी शब्द कोणता आणि तिन्ही शिक्षांना एकच अर्ज चालतो का?

आधी ते ‘अपील’ खोडा. अपिलात वरचं कोर्ट खालच्या कोर्टाचा निकाल तपासतं. हेबियस हा वेगळा, दिवाणी स्वरूपाचा अर्ज. राज्यातल्या कोर्टांचे दरवाजे ठोठावून झाले की कैदी फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात जातो, आणि ‘मला डांबून ठेवणं राज्यघटनेला धरून नाही’ म्हणतो. शिवाय आव्हान बहुधा दोषसिद्धीला, म्हणजे गुन्हेगार ठरवणाऱ्या निकालाला असतं. ‘शिक्षा’ त्यानंतरची पायरी. आपले बातमीदार दोन्हींना सरसकट शिक्षाच म्हणतात!

‘हेबियस’चा अर्थ कुठल्याही कोशात मिळेल. मला भुरळ घालतो तो लॅटिन ‘कॉर्पस’, म्हणजे देह. त्याचं भावंड थेट ऋग्वेदात आहे: ‘कृप्’, म्हणजे रूप, कांती. ‘द्युता त्वं कृपा पावक रोचसे’ असं अग्नीला म्हटलंय. इथली ‘कृपा’ म्हणजे दया नव्हे, ‘कृप्’ची तृतीया, ‘कांतीने’. पारशांच्या अवेस्तातही याच कुळातल्या शब्दाचा अर्थ देह होतो. वेदातलं झळाळतं रूप आणि तुरुंगातला देह एका मुळाचे!

म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठातला ‘देहोपस्थिती’ हाच शब्द खरा. हिंदी पाठातलं ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ मराठीत लावून धरणाऱ्या विद्वानांना माझं सांगणं आहे की मूळ लॅटिन शब्दांत ‘बंदी’, म्हणजे कैदी, कुठेच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्येच पॅरोलवर सुटलेल्यालाही हा अर्ज खुला केला. तो कोठडीत नव्हता, पण त्याच्या देहावर सत्तेचा ताबा होता. 1995 चा गार्लॉट विरुद्ध फोर्डाइस हा खटला तर माझ्या मताला पक्का पुरावा. मिसिसिपीतल्या कैद्याला गांजासाठी 3 वर्षं आणि त्यापुढे खुनांसाठी दोन जन्मठेपा झाल्या होत्या. गांजाची 3 वर्षं भोगून संपली, आता त्या दोषसिद्धीला आव्हान कसलं, असं राज्याचं म्हणणं. कोर्टाने ते फेटाळलं. एकापुढे एक भोगायच्या शिक्षा म्हणजे एकच सलग ताबा. शिक्षा कितीही असोत, देह एकच!

हो, अर्जाचं राहिलंच. एकाच कोर्टाचे निकाल एका अर्जात चालतात. वेगवेगळ्या राज्य कोर्टांचे असतील, तर प्रत्येक कोर्टासाठी वेगळा अर्ज.