एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचं सर्टिफिकेट: आधी सुपरिंटेंडंटची सही, मग फी

न्यू जर्सीतल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये गणित शिकवणाऱ्या वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३८, नोकरीचं सहावं वर्ष संपलं, ग्रीन कार्ड आहे. पुणे विद्यापीठाची एम.एस्सी. इव्हॅल्युएट करून (अमेरिकन पदवीशी तुलना करून) घेतल्यामुळे सॅलरी गाइडवर, म्हणजे अनुभवाच्या स्टेप आणि शिक्षणाचे कॉलम असलेल्या पगाराच्या तक्त्यावर, त्या एमएच्या (मास्टर्सच्या) कॉलममध्ये आहेत, पगार ७२ हजार डॉलर. एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचं १५ क्रेडिटचं (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप) ग्रॅज्युएट, म्हणजे पदवीनंतरच्या पातळीचं, सर्टिफिकेट करायचं त्यांच्या मनात आहे. जवळच्या विद्यापीठात त्याचा खर्च १२,६०० डॉलर येतो. दुसऱ्या राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात तेच ऑनलाइन ७,५०० डॉलरमध्ये होतं. फीसाठी आठ वर्षांच्या मुलाच्या ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) पैसे काढावेत की फेडरल कर्ज घ्यावं, असं त्या विचारतात. यजमानांची कंपनी तीनेक वर्षांत डलासला हलण्याची शक्यता आहे, हे पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीत आलं आहे. माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

ताई, सर्टिफिकेटच्या कागदाला तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) स्वतंत्र किंमत नाही. पैसे मिळतात ते क्रेडिटचे. तुमच्या गाइडवर त्याच स्टेपला एमए आणि एमए प्लस १५ (मास्टर्सनंतर आणखी १५ क्रेडिट) या कॉलममध्ये २,४०० डॉलरचा फरक आहे, आणि तो दर वर्षी मिळत राहतो. म्हणून सर्टिफिकेट निवडताना नावाआधी क्रेडिट मोजा. मिशिगन स्टेट विद्यापीठाचं याच विषयातलं सर्टिफिकेट ९ क्रेडिटचं आहे. शिकायला ते उत्तम असेल, पण तुमच्या गाइडवर तेवढ्याने कॉलम बदलत नाही. तसंच ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाच्या गुणपत्रकावर) कोर्स ग्रॅज्युएट पातळीचा दिसायला हवा. 'शिक्षकांसाठी व्यावसायिक विकास' या नावाखाली स्वस्तात मिळणारी क्रेडिट काही डिस्ट्रिक्ट सरळ नाकारतात.

पहिलं पाऊल फी भरण्याचं नाही, परवानगीचं आहे. न्यू जर्सीत २०१० पासून कायदाच असा आहे की कोर्सवर्कसाठी फीची भरपाई किंवा वाढीव पगार हवा असेल, तर नाव नोंदवण्याआधी सुपरिंटेंडंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाची, मंजुरी घ्यावी लागते. शिवाय संस्था मान्यताप्राप्त उच्च शिक्षणाची असली पाहिजे, आणि विषय तुमच्या आजच्या किंवा पुढच्या कामाशी जोडलेला असला पाहिजे. घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. ऑगस्टमध्ये वर्ग भरत आलाय म्हणून घाईने नाव नोंदवायचं, सप्टेंबरमध्ये शाळा उघडली की फॉर्म द्यायचा, आणि मग 'नोंदणी आधी झाली' या एका कारणावर भरपाईही जाते आणि कॉलमही. मुख्याध्यापकांनी तोंडी 'हो' म्हटलं तर त्याचा उपयोग नाही. पाचही कोर्सची नावं, क्रमांक आणि क्रेडिट लिहून एकाच अर्जात मंजुरी मागा, आणि सही झालेली प्रत घरी ठेवा.

आता हिशोब. ऑनलाइन कोर्स एक ३ क्रेडिटचा, १,५०० डॉलर. फॉलमध्ये दोन, स्प्रिंगमध्ये दोन, समरमध्ये एक. तुमच्या करारात वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत भरपाई आहे, बी किंवा वरची ग्रेड मिळाली तर. डिस्ट्रिक्टचं वर्ष १ जुलै ते ३० जून. फॉल आणि स्प्रिंग एकाच वर्षात पडतात, म्हणजे ६,००० पैकी २,५०० परत. पाचवा कोर्स मेमध्ये सुरू होणाऱ्या समर सत्रात घेतलात तर तोही त्याच वर्षात जाईल आणि त्याचे शून्य मिळतील. जुलैत सुरू होणाऱ्या सत्रात घेतलात तर तो नव्या वर्षाच्या खात्यात जाईल आणि पूर्ण १,५०० परत येतील.

यात एक पेच आहे. कॉलम बदलायच्या तुमच्या तारखा दोनच, १ सप्टेंबर आणि १ फेब्रुवारी. जुलैचा कोर्स ऑगस्टच्या मध्यावर संपतो, ग्रेड लागायला आठवडा जातो, मग अधिकृत ट्रान्सक्रिप्ट. ती १ सप्टेंबरनंतर पोचली तर अर्ध्या वर्षाची वाढ, १,२०० डॉलर, हातची गेली. तरीही जुलैच घ्या, कारण अगदी वाईटात वाईट झालं तरी १,५०० मिळवून तुम्ही १,२०० गमावता. ट्रान्सक्रिप्ट इलेक्ट्रॉनिक मागवा, आणि मागवताना 'ग्रेड लागल्यावर पाठवा' हा पर्याय निवडा. तो चुकून राहिला तर शेवटचा कोर्स नसलेली प्रत जाते, आणि १२ क्रेडिटवर कोणी कॉलम बदलत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: दहा महिन्यांच्या पगारावर असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये चेक येत नाही, आणि पाचव्या कोर्सची फी नेमकी तेव्हाच भरायची असते. तेवढे १,५०० मेपासूनच बाजूला काढा.

म्हणजे ७,५०० पैकी ४,००० डिस्ट्रिक्ट देईल. लेखी योजनेखाली दिलेली फीची भरपाई वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत फेडरल करातून मुक्त असते, तेव्हा या रकमेवर कर नाही. खिशातले राहिले ३,५००. यावर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट मिळेल (हे अभ्यासाचं क्रेडिट नव्हे, फेडरल करातून थेट वजा होणारी रक्कम): फीच्या २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर. डिस्ट्रिक्टने परत दिलेल्या डॉलरवर मात्र ते मागता येत नाही. लोक विद्यापीठाकडून येणाऱ्या १०९८-टी या फीच्या फॉर्मवरचा मोठा आकडा बघून तोच टाकतात आणि पुढे नोटीस येते. जोडप्यासाठी हे क्रेडिट १ लाख ६० हजार उत्पन्नापासून घटायला लागतं आणि १ लाख ८० हजारावर संपतं. तुम्ही दोघं १ लाख ६६ हजारांवर आहात, म्हणून ७० टक्के उरतं. ३,५०० चे २० टक्के ७००, त्याचे ७० टक्के ४९०. निव्वळ खर्च साधारण ३,०१० डॉलर.

(हे कर-क्रेडिट पूर्ण मिळावं म्हणून ४०३बी या शिक्षकांच्या निवृत्ती बचत खात्यामध्ये सहा हजार जास्त टाकू का, असं तुम्ही विचाराल. त्यातून क्रेडिटचे जेमतेम दोनशे डॉलर सुटतात. निवृत्तीसाठी टाकायचेच असतील तर जरूर टाका, २२ टक्के फेडरल कर वाचतोच. पण न्यू जर्सी राज्य ४०३बी च्या रकमेवर सूट देत नाही, हे धरून चला. आणि टीचर्स लाउंजमध्ये येऊन गळ्यात अॅन्युइटी (विमा कंपनीची निवृत्ती योजना) मारणाऱ्या एजंटाकडून खातं उघडू नका.)

आता २,४०० मधले हातात किती? पेन्शनचे साडेसात टक्के १८०, फेडरल कर सुमारे ४८८, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर १८४, राज्याचा कर १५३. उरतात १,४०० च्या आसपास. म्हणजे ऑनलाइन सर्टिफिकेटचे पैसे कॉलम बदलल्यापासून सव्वादोन वर्षांच्या आत निघतात. जवळच्या विद्यापीठाचं गणित याच पद्धतीने केलं तर दोन्ही वर्षं मिळून ५,००० परत येतात, कर-क्रेडिट १,०६४, निव्वळ खर्च सुमारे ६,५४०, आणि वसुलीला पावणेपाच वर्षं. सॅलरी गाइडला दोन्हीकडची १५ क्रेडिट सारखीच दिसतात. संध्याकाळी वर्गात बसून शिकणं तुम्हाला जास्त जमत असेल तर त्याची किंमत साडेतीन हजार डॉलर आहे, एवढं माहीत असू द्या. तुमचा आरोग्य विमा यजमानांकडून आहे हे बरं. डिस्ट्रिक्टचा विमा असणाऱ्यांचा हप्ता पगाराच्या टक्क्यांत ठरतो आणि पगाराच्या टप्प्यागणिक टक्का चढतो, तेव्हा त्यांनी टप्पा ओलांडला जातोय का ते बघूनच हा आकडा काढावा.

कर्ज नको. ग्रॅज्युएट पातळीच्या फेडरल कर्जाचा दर २०२५-२६ साठी ७.९४ टक्के होता, वर एक टक्क्याहून थोडी जास्त फी आधीच कापली जाते, आणि व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. ५२९ लाही हात लावू नका. खात्याचा लाभार्थी मुलाऐवजी तुम्ही होऊ शकता, कायद्याची आडकाठी नाही. पण ज्या डॉलरची फी ५२९ मधून भरली त्याच डॉलरवर लर्निंग क्रेडिट मिळत नाही, आणि मुलाच्या पैशाला वाढायला अजून दहा वर्षं आहेत. फॉलचे ३,००० आणि स्प्रिंगचे ३,००० तुमच्या २० हजारांच्या आपत्कालीन बचतीतून उचला. भरपाई ग्रेड आणि बोर्डाची मंजुरी झाल्यावरच येते, म्हणून काही महिने ही बचत सहा हजारांनी खाली राहील. ते चालेल, पण त्याच वर्षी गाडी बदलू नका.

नोकरीच्या बाजूने बोलायचं तर टेक्नॉलॉजी कोच (इतर शिक्षकांना तंत्रज्ञान वापरायला शिकवणारा) व्हायचं असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये कोच शिक्षकांच्याच गाइडवर असतो. काम बदलतं, पगार बदलत नाही. पगाराची पुढची पायरी सुपरवायझरची, आणि त्यासाठी राज्याचं सुपरवायझर एंडोर्समेंट, म्हणजे त्या पदाचं लायसन्स, लागतं: मास्टर्स, तीन वर्षांचा अनुभव आणि १२ ग्रॅज्युएट क्रेडिट. त्यात ३ सुपरव्हिजनचे आणि ३ करिक्युलम डेव्हलपमेंटचे सक्तीचे. ही १२ क्रेडिट आणि एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा एक कोर्स मिळून १५ होतात. कॉलम तोच, वाढ तीच, शिवाय एक लायसन्स हातात. प्रशासनात जायचा तुमचा थोडा जरी विचार असेल तर मी हे सर्टिफिकेट घेणार नाही, हा रस्ता धरेन. तो विचार मुळीच नसेल, मुलांच्या वर्गातच राहायचं असेल, तर ऑनलाइन सर्टिफिकेट घ्या. आणि नुसतं कौशल्य हवं असेल, तर गूगल सर्टिफाइड एज्युकेटरच्या दोन पातळ्यांची परीक्षा फी १० आणि २५ डॉलर आहे. त्याने पगार वाढत नाही, पण मुख्याध्यापकांना तुम्ही काय करू शकता ते दिसतं.

राहिलं डलास. टेक्सासच्या राज्य किमान वेतनपटात अनुभवाची वर्षं मोजतात, प्लस १५ असा कॉलम नाही. तिकडे ही १५ क्रेडिट पगारात जवळपास अदृश्य होतील. येत्या फॉलला सुरुवात करून बरोबर तीन वर्षांनी निघालात, तर वाढीव पगाराची दोन वर्षं, म्हणजे २,८०० डॉलर हाती येतील. ऑनलाइनमध्ये जवळजवळ बरोबरी, जवळच्या विद्यापीठात पावणेचार हजारांचं नुकसान. त्यातून तुमच्या करारात भरपाई मिळाल्यापासून दोन वर्षं नोकरी सोडायची नाही अशी अट आहे. पाचव्या कोर्सचे १,५०० तुम्हाला सगळ्यात शेवटी मिळतील, त्यामुळे त्यांची मुदतही सगळ्यात शेवटी संपेल. निघण्याची तारीख दोन महिने इकडेतिकडे झाली तर ते परत भरावे लागतील.

पण या सगळ्याहून मोठा आकडा तुमच्या पत्रात नाहीच. न्यू जर्सीची शिक्षक पेन्शन दहा वर्षांच्या सेवेनंतर हक्काची होते. तीन वर्षांनी तुमची नऊ वर्षं भरतील. तेव्हा सोडलंत तर स्वतःची वर्गणी परत मिळेल, पेन्शन नाही. दहावं वर्ष पूर्ण करून सोडलंत तर ६५ व्या वर्षापासून सेवेच्या वर्षांना साठाने भागून शेवटच्या पाच वर्षांच्या सरासरी पगाराने गुणायचं: ७२ हजार धरले तरी वर्षाला १२ हजार डॉलर, आयुष्यभर. महागाईवाढ २०११ पासून बंद आहे, त्यामुळे त्या काळात या १२ हजारांना आजची किंमत नसेल. तरीही सर्टिफिकेटमुळे त्या पेन्शनमध्ये पडणारी भर फार तर चारशे डॉलर. तेव्हा यजमानांच्या कंपनीशी तारखेबद्दल बोलणी होतील तेव्हा एका शालेय वर्षाची सवलत मागून ठेवा, ते वर्षभर आधी एकटे गेले तरी हिशोबात बसतं.

मंजुरीचा अर्ज या आठवड्यात द्या. फॉलच्या नोंदणीची शेवटची तारीख आली आणि सही झालेली नसली, तर फॉल सोडून जानेवारीत सुरू करा. कॉलम एक टप्पा पुढे ढकलला जाईल, हातातले सातशे डॉलर जातील. सहीशिवाय नाव नोंदवलंत तर साडेसात हजारांतला भरपाईचा एकही डॉलर परत येणार नाही, आणि पगारही जिथे आहे तिथेच राहील.