जकार्डचे पुठ्ठे आणि कंपनीची नजर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तू दोन कंपन्यांची ऑफर लेटरं घेऊन आलीस, पगाराचे आकडे शेजारी शेजारी ठेवलेस आणि विचारलंस, "काका, कुठली घेऊ?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहायला बसलो.

दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइटवर 'व्हिजन' म्हणून एकेक ओळ आहे. तू ती वाचली नसशील. तुझ्या वयात मीही वाचत नव्हतो. पुण्यात सव्वीस वर्षं नोकरी केल्यावर कळलं की वरच्या माणसाची नजर कुठं लागली आहे, त्यावर आपल्या हातातलं काम टिकणार की गुंडाळलं जाणार ते ठरतं. फक्त ती नजर त्या ओळीत सापडत नाही.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातूनच सुरुवात करतो. माझे वडील जकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, चादर विणायचे. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरायची, भोक येईल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जायचा आणि चादरीवर मोर उमटायचा. अशाच भोकांच्या कार्डांवर हर्मन होलेरिथ यांनी १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेची मोजणी यंत्रानं करून दाखवली. त्यांची कंपनी पुढं दुसऱ्या कंपन्यांत मिसळली आणि १९२४ पासून आयबीएम झाली.

ही संगणक बनवणारी आयबीएम १९९३ साली बुडायच्या बेतात होती. त्या एका वर्षाचा तोटा ८०० कोटी डॉलरच्या वर गेला. कंपनीचे तुकडे करायची तयारी चालली होती. तेव्हा बिस्किटं-सिगारेटच्या कंपनीतून लू गर्स्टनर प्रमुख म्हणून आले. जुलैमध्ये ते पत्रकारांना म्हणाले, आयबीएमला आत्ता सगळ्यात कमी गरज कशाची असेल, तर ती व्हिजनची. लोक आजही हे वाक्य सांगतात, पण त्यांनी केलं काय ते सांगत नाहीत. त्यांनी तुकडे करणं थांबवलं. आधीच्या नोकरीत ते स्वतः आयबीएमचं गिऱ्हाईक होते. दहा ठिकाणची यंत्रं एकत्र जुळवून देणारं कुणीतरी मोठ्या गिऱ्हाइकाला हवं असतं, हे त्यांना तिथूनच ठाऊक होतं. मला विचारशील तर कंपनी वाचली ती या नजरेमुळे.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात संगणक, हे त्यांचं सुरुवातीचं स्वप्न, आणि ते बरंचसं खरंही झालं. मग त्याच यशानं डोळ्यांवर झापड आणली. जे करायचं ते विंडोजच्या अंगणात, असा हट्ट झाला. फोनमध्ये मागं पडले म्हणून नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला. फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नाडेला प्रमुख झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांचं 'ऑफिस' सॉफ्टवेअर ॲपलच्या आयपॅडवर आलं. तयारी आधीपासूनची होती, तरी प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर आपला माल उघडपणे मांडणं ही बदललेल्या दिशेची खूण होती. २०१५ मध्ये नोकियाच्या व्यवहारापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले आणि ७,८०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. नजर चुकली वरच्यांची, घरी बसली ती फोन बनवणारी माणसं. त्यांतही कुणीतरी तुझ्यासारखंच पहिली नोकरी करत असेल.

याच्या उलट चिप बनवणारी एन्व्हिडिया. गेमच्या चिपवर इतर गणितंही करता यावीत म्हणून २००६ मध्ये त्यांनी कुडा नावाची सॉफ्टवेअर प्रणाली आणली, आणि कित्येक वर्षं फारसं गिऱ्हाईक नसताना त्यात पैसा घातला. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी एन्व्हिडियाच्याच दोन गेमिंग कार्डांवर चित्रं ओळखणारी प्रणाली शिकवली. पुढची एआयच्या लाटेची गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आमच्या बोळातल्या एका कारखानदारानं भर सीझनमध्ये, चादरीला चांगली मागणी असताना, चार माग काढून टॉवेलचे बसवले. टॉवेलला दोन बीम, म्हणजे ताण्याचे दोन रूळ, लागतात, जुळणी वेगळी, कामगारांना सगळं नव्यानं शिकावं लागलं. वडील चिडले होते, चालता धंदा मोडतो म्हणून. पुढं चादरीचा उठाव कमी झाला तेव्हा त्या बोळात त्याचीच खटखट चालू राहिली, आणि वडिलांना काम मिळालं तेही त्याच्याकडेच.

म्हणून पगाराचं बोलून झालं की दोन्हीकडे एवढं विचार: नफा देत असूनही तुम्ही अलीकडे काय बंद केलंत? आणि अजून पैसा न देणाऱ्या कोणत्या कामावर तीन-चार वर्षं माणसं ठेवली आहेत? प्रश्न आगाऊ वाटेल, तरी विचार. एचआरला सांगता येणार नाही, तेव्हा ज्याच्या हाताखाली काम करायचं त्यालाच गाठ. तो अडखळला तरी चालेल. नेमकं एखादं काम सांगतो की भिंतीवरची ओळ म्हणून दाखवतो, एवढं बघ.

त्या कंपन्यांच्या लोकांना भेटायला सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघणार ना? रविवारी संध्याकाळी घरी ये. वडिलांच्या शेवटच्या डिझाइनचे पुठ्ठे माळ्यावर आहेत, ते काढून ठेवतो. काकूनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून द्यायची म्हटलंय, डबा रिकामा आण.

तुझा,
काका