घोडा शिकू द्या, फक्त रेसकोर्सच्या भरवशावर नको

पुण्यातल्या एका पालकांचं पत्र:

'मॅडम, नमस्कार. मी रेसकोर्सवर सईस आहे, घोड्यांची निगा राखतो, सव्वीस वर्षं झाली. पावसाळ्यात पुणे, दिवाळीनंतर मुंबई, असा घोड्यांबरोबर फिरतो. मोठी मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. लहानपणापासून माझ्याबरोबर पागेत येते, आणि आता घोड्यांतच काम करीन असा तिचा हट्ट आहे. तिने कुठेतरी वाचलं की आपल्याकडची रेसिंग आता परदेशासारखी आधुनिक होणार आणि शिकलेल्या लोकांना मोठ्या नोकऱ्या मिळणार. तिची आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे. मला वाटतं, मी जे काढलं ते पोरीने काढू नये. मला दुसरं काही येत नाही, फक्त घोडा कळतो. तिला काय सांगू?'

भाऊ,

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मला आधी बाजूला काढायचं आहे. 'फक्त घोडा कळतो' असं तुम्ही लिहिलंय. पहाटे चार वाजता घोड्याच्या पायावरून हात फिरवून आज या नळीत ऊब आहे, याला कामाला काढू नका, असं तुम्ही ट्रेनरला सांगत असाल. जगभरच्या मोठ्या तबेल्यांत हेच ओळखायला यंत्रं आणली जात आहेत. चालीचं मोजमाप करणारी, हृदयाचे ठोके नोंदवणारी, अंगाच्या उष्णतेचं चित्र काढणारी. या यंत्रांवर आलेला आकडा खरा की खोटा हे कळायला शेवटी घोडा कळणारा माणूसच लागतो. तुमची मुलगी हे बघत मोठी झाली, म्हणजे तिचं अर्धं शिक्षण घरीच झालं. उरलेलं अर्धं कुठे आणि कसं घ्यायचं, हा खरा प्रश्न.

पण आधी रेसिंगची जमीन किती पक्की आहे ते बघू, कारण 'आधुनिक होणार' या दोन शब्दांवर पोरीचं आयुष्य उभं करता येत नाही.

महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. त्याचा महापालिकेबरोबरचा भाडेकरार २०१३ साली संपला, आणि पुढची दहा वर्षं शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबने उद्या काय होईल या विवंचनेत काढली. २०२४ मध्ये तोडगा निघाला: २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सचा सुमारे १६० एकरांचा भाडेपट्टा रद्द केला. तिथला रेस क्लब देशातल्या सगळ्यात जुन्या क्लबांपैकी एक. तुमचं पुण्याचं रेसकोर्सही संरक्षण खात्याच्या जमिनीवर आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. शहराच्या मधोमध पसरलेल्या हिरव्या जमिनीवर सगळ्यांचाच डोळा असतो. मुंबईच्या माणसाने फिरायला मोकळी जागा मागितली तर त्यात चूक काही नाही. मात्र तुमच्या मुलीच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत ही जागा आहे तिथेच राहील, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

दुसरी गोष्ट कराची. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं, म्हणून ती जुगारबंदीच्या कायद्यातून वाचली. करात मात्र तिची गणना कॅसिनो आणि लॉटरीच्या पंगतीतच होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. इतका कर भरून टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवरच्या अधिकृत पैजेच्या खिडकीवर कोण येणार? माणूस बेकायदा बुकीकडे वळतो. टोटवर पैसा कमी आला की बक्षिसाची रक्कम आटते, मालक घोडे कमी घेतात, आणि त्याची झळ सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त पागेला बसते. ती तुमच्यापर्यंत पोचली असणारच.

म्हणून माझं सांगणं असं: मुलीला घोड्यापासून तोडू नका, पण तिचं पोट पैजेवर अवलंबून ठेवू नका. तिला असं शिक्षण घेऊ द्या, की जे रेसकोर्सवर सोन्याच्या मोलाचं असेल आणि रेसकोर्स उद्या गावाबाहेर गेलं किंवा बंद पडलं तरी वाया जाणार नाही.

आता आधुनिक होणं म्हणजे काय, ते तिला नीट समजावून सांगायला हवं. मुलांना वाटतं, काचेचा स्टँड, मोठे पडदे, मोबाइलवरची शर्यत. ते वरवरचं झालं. मला दिसतो तो बदल असा, की जे एकेका माणसाच्या हातात आणि डोळ्यांत होतं, ते आता मोजून लिहून ठेवावं लागतं. पूर्वी शिंगराची ओळख कपाळावरचा टिळा, अंगावरचे भोवरे, पांढरे पाय पाहून लिहायचे. आता मानेत मायक्रोचिप असते आणि आईबाप कोण हे डीएनएवरून ताडून पाहिल्याशिवाय स्टड बुकात नाव चढत नाही. भारतातल्या सगळ्या थरोब्रेडची, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांची, ही वंशावळ सांभाळणारं कार्यालय तुमच्या पुण्यातच आहे. धावपट्टी किती ओली आहे हे पूर्वी काठी खुपसून सांगायचे, आता पेनेट्रोमीटरचा आकडा शर्यतीआधी जाहीर होतो. औषध दिल्याचा संशय असेल तर नमुना प्रयोगशाळेत जातो. या प्रत्येक बदलामागे एक शिकलेला माणूस उभा असतो, आणि त्याची नोकरी कुणाचा घोडा जिंकला यावर ठरत नाही.

जपानचं उदाहरण तिला वाचायला सांगा. तिथे १९६९ मध्ये रित्तो आणि १९७८ मध्ये मिहो अशी दोन प्रचंड प्रशिक्षण केंद्रं उभी राहिली, १९८२ मध्ये जॉकींची शाळा निघाली, १९८१ पासून जपान कप या शर्यतीसाठी परदेशी घोड्यांना बोलावून त्यांच्यापुढे आपले घोडे उभे केले गेले आणि सुरुवातीला हारही पत्करली. १९९० मध्ये एका जपानी स्टडने, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्या फार्मने, अमेरिकेतून सन्डे सायलेन्स हा घोडा आणला आणि त्याच्या वंशाने जपानी घोड्यांचं रूपच पालटलं. आज त्यांचे घोडे अमेरिकेत जाऊन तिथल्या सगळ्यात मोठ्या शर्यती जिंकतात. घोडा खासगी स्टडने आणला, पण केंद्रं, शाळा आणि जपान कप हे एका मध्यवर्ती संस्थेच्या हाती होतं. आपल्याकडे मुंबई-पुणे, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई असा जो तो क्लब आपापली नियमावली घेऊन चालतो. संपूर्ण देशासाठी एक नियामक, एक प्रशिक्षण व्यवस्था, सईसाच्या कौशल्याचा देशभर चालेल असा एक दाखला, यातलं काहीच नाही. हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण कधी होईल त्याची वाट बघत तुमच्या मुलीने थांबू नये.

माझी पहिली पसंती पशुवैद्यकाला. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी असेल तर नीट परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. महाराष्ट्रात ही महाविद्यालयं नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येतात: परळचं १८८६ सालचं, नागपूर, परभणी, उदगीर आणि तुमच्या घराला जवळचं म्हणजे शिरवळ. एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर ती पहिल्या वर्षी नाराज होईल. तिथे गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांचाच अभ्यास जास्त असतो आणि घोडा थोडा. तिने हे मनाने स्वीकारावं. घोडा तिला सुट्ट्यांमध्ये रेसकोर्सवरच्या दवाखान्यात, स्टड फार्मवर, तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या मागे फिरून शिकावा लागेल. पुढे सर्जरी किंवा मेडिसिनमध्ये दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन घोड्यांवर लक्ष देता येईल.

या पदवीचा आधार मोठा आहे. पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर जानेवारीपासून शिंगरं जन्माला येऊ लागतात आणि त्या दिवसांत रात्रभर जागणारा डॉक्टर लागतो. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, त्यामुळे प्रत्येक घोडीची तपासणी आणि गाभण राहण्याचा दिवस हे डॉक्टरचं नेमकं काम असतं. लष्कराच्या जनावरांची काळजी घेणारी रिमाउंट व्हेटरनरी कोअर आहे, हिसारला घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. सापाच्या विषावरचं प्रतिविष घोड्याच्याच रक्तातून बनतं, त्यासाठी हाफकिन संस्थेने पिंपरीला घोडे ठेवले आहेत. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ सालचा. तिथले निवृत्त घोडे सीरमसाठी हाफकिनला दिले जायचे, आणि त्यातूनच हे काम आपणच का करू नये हा विचार पुढे येऊन १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जगभर लस पुरवणाऱ्या कारखान्याचं मूळ पागेत आहे, हे तुमच्या मुलीला जरूर सांगा. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर लोकसेवा आयोगातून पशुधन विकास अधिकारी होता येतं. तिच्या आईला जी सुरक्षितता बँकेत दिसते, तीच इथेही आहे.

खर्चाची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती ओळींमधून दिसते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहून हातची जागा घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

नीटमध्ये गुण कमी पडले तर कृषी पदवीचा विचार करावा. गवत, माती, पाण्याचा निचरा. पुण्याचा सीझन भर पावसात असतो, आणि धावपट्टीवर पाणी साचून शर्यती रद्द झाल्या की किती जणांची रोजी बुडते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? हिरवळीचं शास्त्र जाणणारा माणूस रेसकोर्सला हवा, क्रिकेटच्या मैदानाला हवा, गोल्फ कोर्सलाही हवा. आपल्याकडे या विषयाकडे फार थोडी मुलं वळतात, म्हणून मी तो मुद्दाम सुचवते.

जॉकी व्हायचं तिच्या मनात असेल तर रूपा सिंग यांनी पुरुषांच्या बरोबरीने शर्यती जिंकून वाट दाखवली आहे. पण वजन पन्नास किलोच्या आसपास राखायचं, पडण्याची जोखीम घ्यायची आणि शिकाऊ वय हातचं जाऊ द्यायचं नाही. बारावीनंतर हा रस्ता धरायला उशीर झालेला असतो. पूर्वी एका मुलाला मी फक्त त्याचं वेड बघून या वाटेला लावलं. दोन वर्षांत त्याची उंची वाढली आणि घोडा सुटला. शिक्षणही तोवर सुटलं होतं. तो सल्ला माझा चुकला, आणि तेव्हापासून मी आधी पदवी, मग बाकीचं, असंच सांगते.

परदेशाचं म्हणाल तर जपानच्या होक्काइडो बेटावर उराकावा नावाचं छोटं गाव आहे. तिथे शिंगरांना खोगिराची सवय लावायला माणसं मिळेनात म्हणून शेकडो भारतीय रायडर गेले. आयर्लंडच्या नॅशनल स्टडमध्ये दरवर्षी जानेवारीपासून चालणारा थरोब्रेड व्यवस्थापनाचा निवासी अभ्यासक्रम आहे. इंग्लंडमध्ये नाल मारायलाही नोंदणी लागते आणि ती मिळवायला साधारण चार वर्षं उमेदवारी करावी लागते. आपला नालबंद तेच काम बापाकडून शिकतो आणि त्याच्या हाती कागद नसतो. म्हणून इथून पुढे मुलगी पागेत जे जे काम करेल त्याचा तारखेसकट लेखी दाखला ट्रेनरकडून घेत जा. तुमच्या सव्वीस वर्षांचाही घ्या.

एक विषय मात्र तिच्याशी तुम्हीच बोला. घोडा दोन-तीन वर्षांचा असताना धावायला लागतो आणि सहा-सातव्या वर्षी बहुतेकांची शर्यत संपते. पुढे पंधरा-वीस वर्षं आयुष्य उरलेलं असतं. काही स्टडला जातात, काही रायडिंग स्कूलमध्ये. बाकीचे कुठे जातात ते तुम्ही पाहिलंय. ज्या देशांत ही रेसिंग खरोखर सुधारली, तिथे निवृत्त घोड्याला नवं काम शिकवून घर शोधून देणं हा आता वेगळा व्यवसाय झाला आहे. आपल्याकडे त्याची नीट घडी कुणीच बसवलेली नाही. तुमच्या मुलीसारखी, पागेतून आलेली डॉक्टर ते काम हाती घेईल, असं मला फार वाटतं.

आणि घरात पैज नको. जॉकीला तर नियमानेच बंदी असते. तिनेही तो नियम आत्तापासून स्वतःला लावून घ्यावा.

नीटचा अर्ज साधारण फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा तुम्ही मुंबईला असाल. दाखले आईच्या हाती देऊन जा. त्याआधी एखाद्या रविवारी तिला पहाटेच्या कामाला बरोबर न्या, वही हातात द्या, आणि तुम्ही पायाला हात लावून काय ओळखता ते तिला तुमच्या शब्दांत लिहून घ्यायला सांगा. ती वही मला बघायला आवडेल. पाठवाल का?